नवऱ्याच्या बायपासनंतर (वजनाच्या) आमच्यात अंतर पडतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नेहमीचा आयडी न वापरता लिहितेय, कारण इथे आमच्या दोघांच्याही ओळखीचे लोक आहेत. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्या नवऱ्याची मागच्या वर्षी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झाली. वजन १३२ किलो होतं, मधुमेह होता, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन लावावं लागायचं. आता तो ८७ किलोवर आलाय. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, मशीन माळ्यावर गेलं. ऑपरेशन केल्याचा आम्हाला दोघांनाही अजिबात पश्चात्ताप नाही. त्यामुळे "व्यायामाने झालं नसतं का" असे प्रतिसाद कृपया नकोत. डाएट, चालणं, काढे, सगळं वर्षानुवर्षं करून झालं होतं.

माझा प्रश्न आमच्या दोघांमध्ये जे चाललंय त्याबद्दल आहे.

आमचं सगळं गूळपीठ जेवणाभोवतीच होतं. दारातून आत येता येता "आज काय केलंयस?" हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. रात्रीचं जेवण तासभर चालायचं, आणि ऑफिस, मुलगी, पैसे, भांडणं सगळं त्या तासात निघायचं. आता तो एका छोट्या वाटीत जेवतो. आधी अंडं नाहीतर पनीर, मग दोन घास भाजी, जमलीच तर चतकोर पोळी. एक घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा, बारीक चावायचं. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. बोलता बोलता घाई झाली की घास अडकतो आणि त्याला उठून बेसिनकडे पळावं लागतं. म्हणून त्याला जेवताना समोर कुणी नको असतं. तो आत जेवतो, मी आणि मुलगी बाहेर. हे त्याच्या तब्येतीसाठी आहे, मला कळतं. पण मग बोलायचं कधी? तो तास गेला तो गेलाच, त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

गणपतीत सासूबाईंचं मन मोडवेना म्हणून त्याने दीड मोदक खाल्ला. थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरतं, त्याने असं होतं, ते आम्हाला सांगितलेलं होतं. पण सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांसमोर मला विचारलं, "काय घातलंस गं त्यात?" आणि तो सगळं ऐकून गप्प राहिला.

नातेवाईक त्याला "ओळखूच आला नाहीस" म्हणतात आणि लगेच माझ्याकडे बघून "आता तुझा नंबर". मीही जाडच आहे. तो स्वतः तसं म्हणत नाही, पण माझ्या ताटाकडे बघतो. परवा म्हणाला, "दुसरी पोळी भुकेने घेतेयस की सवयीने?" हा प्रश्न त्याला त्याच्या आहारतज्ज्ञ स्वतःला विचारायला सांगतात. त्याचा हेतू वाईट नाही. मला मात्र घास गिळवेना.

आता जे लिहायला अवघड जातंय ते. मशीन गेलं तेव्हा वाटलं होतं, आता पुन्हा जवळ येऊ. झालं उलटंच. पोटावरची, दंडांवरची कातडी लोंबते, त्याची त्याला फार लाज वाटते. बाहेर नवीन शर्ट, सकाळी पांडवलेणीची टेकडी, ग्रुपचे फोटो (पूर्वी फोटो म्हटलं की हा मागच्या रांगेत) आणि घरात मात्र माझ्यासमोर बनियन काढत नाही. मी हात लावला की अलगद बाजूला करतो. ही त्याची लाज आहे, की मी आता नकोशी झालेय, हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही.

अजून एक. पूर्वी ताण आला की तो खायचा. ती वाट बंद झाली. आता शुक्रवारचा पेग बुधवारीही होतो. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोकाही वाढतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

शोधाशोध करताना २०१८ साली 'जामा सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला स्वीडनचा अभ्यास सापडला. अशा ऑपरेशननंतर एकट्या माणसांची लग्नं, नवी नाती जास्त जुळली आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांमध्ये वेगळं होण्याचं प्रमाणही वाढलं, असं त्यात आहे. बहुतेक जोडपी टिकली, हेही खरं. पण एवढं माहीत असताना आधी कुणी बोलत का नाही? ऑपरेशनपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली ती फक्त त्याची. मी बाहेर फाइल धरून बसले होते. जोडीदारालाही तेव्हाच आत बोलवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांच्या घरात हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा, मग ऑपरेशन तुमचं असो वा जोडीदाराचं. जेवणाच्या तासाऐवजी तुम्ही काय सुरू केलंत? कातडीची लाज कालांतराने कमी होते का? प्लास्टिक सर्जरीने मनावरचं ओझं उतरलं का? नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन, मराठीत बोलणारे आणि या ऑपरेशनची माहिती असलेले जोडप्यांचे समुपदेशक ठाऊक असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पुढच्या महिन्यात त्याची तपासणी आहे आणि या वेळी मी आत जाणार आहे. दारूचा विषय डॉक्टरांसमोर त्याच्या देखत काढू, की आधी त्याच्याशी घरी बोलू? त्याला चारचौघांत पाडल्यासारखं वाटायला नको, आणि राहून गेलं असंही व्हायला नको. तुम्ही काय केलं असतंत?