नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी : ऑनलाइन विद्यापीठ निवडताना नेमके काय पाहावे?

लेखापाल, अक्कलकोट रोड

नमस्कार. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षांपासून लेखा विभागात काम करते. बी.कॉम. आपल्या सोलापूर विद्यापीठातूनच २०१७ साली झाले. पुढे लगेच एम.कॉम. करायचे मनात होते, परंतु लग्न, बाळंतपण आणि नोकरी यांत ते राहून गेले. आता मुलगा शाळेत जाऊ लागला आहे आणि रात्री साडेनऊनंतरचे दोन तास सासूबाई त्याला सांभाळतात, म्हणून पुन्हा शिकण्याचा विचार पक्का केला आहे. यजमानांची नोकरी चिंचोळी एमआयडीसीत पाळीची असल्यामुळे नियमित महाविद्यालयात जाणे मला शक्य नाही.

माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) एम.कॉम. आणि दुसरा म्हणजे परराज्यातील एका खासगी विद्यापीठाचे ऑनलाइन एम.बी.ए. दुसऱ्याचे शुल्क दीड लाखाच्या घरात आहे, तर इग्नूचे त्या मानाने फारच कमी आहे. खासगी विद्यापीठाच्या वतीने एक समुपदेशक मला रोज दोनदा फोन करतात आणि ‘जागा थोड्याच उरल्या आहेत, आज नोंदणी केली तर बिनव्याजी हप्ते मिळतील’ असे सांगतात. आमच्या मालकांचे म्हणणे असे की एम.बी.ए. केले तर लेखा व्यवस्थापकाच्या पदासाठी माझा विचार होईल. माझ्या स्वतःच्या मनात मात्र कधीतरी महाविद्यालयात वाणिज्य शिकवावे, ही इच्छा पहिल्यापासून आहे. अशा पदव्यांना खरोखर मान्यता असते का, आणि दोन विद्यापीठांची तुलना कोणत्या गोष्टींवरून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच आहे, असे मला वाटते. विद्यापीठ कोणते, हा प्रश्न नंतरचा आहे. ही पदवी घेऊन आपल्याला कोणत्या दारात उभे राहायचे आहे, हे आधी ठरवावे लागेल. वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचे असेल तर वाणिज्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा), हा सरळ मार्ग आहे. या दोन्ही परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एम.बी.ए. झालेल्या उमेदवाराला व्यवस्थापन या विषयातून नेट देता येते हे खरे, पण आपल्याला हिशेब आणि वाणिज्य शिकवायचे आहे, तेव्हा वळसा घेण्याचे कारण मला दिसत नाही.

मान्यतेविषयी लोकांच्या मनात फार गोंधळ असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे जे विनियम आहेत, त्यांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाने मुक्त व दूरस्थ पद्धतीने किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मात्र ही समकक्षता विद्यापीठाच्या नावाला सरसकट चिकटलेली नसते. अमुक अभ्यासक्रम, अमुक पद्धतीने, अमुक शैक्षणिक सत्रात चालवण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे लागते. मागच्या वर्षीच्या यादीत नाव आहे म्हणून यंदाही असेल, असे धरून चालू नये, आणि एम.कॉम.ला मान्यता आहे म्हणून त्याच विद्यापीठाच्या एम.सी.ए.लाही असेल, असेही नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन शब्द आपण सहज एकाच अर्थाने वापरतो, परंतु नियमांत त्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. दूरस्थ पद्धतीत अभ्याससाहित्य, अभ्यासकेंद्र आणि प्रत्यक्ष परीक्षाकेंद्र असते, आणि राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असे केंद्र चालवता येत नाही. ऑनलाइन पद्धतीत शिकवणे इंटरनेटवरून होते आणि तिला अशी हद्द नसते. त्यामुळे परराज्यातील एखाद्या विद्यापीठाचे ‘केंद्र’ आपल्या शहरात एखाद्या शिकवणी वर्गात थाटलेले दिसले, तर तिथे पाऊल टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा. नियमांत फ्रँचायझीला जागाच नाही. एम.बी.ए.कडे वळलातच आणि ते विद्यापीठ अभिमत (डीम्ड) असेल, तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरीही स्वतंत्रपणे तपासा.

समुपदेशकांविषयी इतकेच सांगतो की ते बहुतेक वेळा विद्यापीठाचे कर्मचारी नसतात, त्यांच्या उत्पन्नाचा भाग प्रवेशांच्या संख्येवर अवलंबून असतो. त्यांचा राग धरू नये, पण त्यांच्या तोंडी आश्वासनावर सहीही करू नये. जे सांगतात ते विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेलवरून लेखी मागावे.

एक सोपी गोष्ट आज रात्रीच करता येईल. इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही. एम.कॉम.च्या पहिल्या सत्रातील एका विषयाचे एक प्रकरण उघडा आणि आपल्या त्या दोन तासांत किती पाने समजून वाचून होतात, ते पाहा.

उत्तर कसब्यातील विद्यार्थी

ताई, मी एका खासगी विद्यापीठाचे ऑनलाइन एम.बी.ए. पूर्ण केले आहे, म्हणून दोन अनुभव लिहितो. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शिक्षण वाईट होते असे मी म्हणणार नाही. वित्त विषयाचे एक शिक्षक तर इतके उत्तम होते की त्यांची ध्वनिचित्रफीत मी तीन तीन वेळा पाहिली.

पहिला अनुभव हप्त्यांचा. ज्याला बिनव्याजी हप्ता म्हणतात, ते प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. पहिल्याच दिवशी वित्तसंस्था पूर्ण शुल्क विद्यापीठाकडे जमा करते आणि आपण दरमहा त्या संस्थेचे देणे फेडतो. मला हे कळले ते आईच्या आजारपणात, जेव्हा दुसरे सत्र सोडून द्यावे असे वाटू लागले आणि विचारणा केल्यावर समजले की शिक्षण थांबले तरी हप्ता थांबणार नाही. एक हप्ता चुकला आणि त्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या अहवालात, दिसू लागली. करारपत्र चौदा पानांचे होते, मी ते मोबाइलवर अंगठ्याने सरकवत सरकवत शेवटच्या पानावर नेऊन संमती दिली होती. आपण निदान कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, एकूण परतफेड आणि प्रवेश रद्द झाल्यास काय होते, ही तीन कलमे कागदावर छापून वाचा. शक्य असेल तर सत्रागणिक शुल्क भरण्याची सोय मागा.

दुसरा अनुभव परीक्षेचा. आमची परीक्षा घरूनच, कॅमेरा आणि मायक्रोफोन चालू ठेवून होती. तिसऱ्या सत्राचा एक पेपर नेमका सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी आला. उत्तर कसब्यात त्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक, हलग्या आणि ‘हर्र बोला’चा गजर दारावरून जातो, तो आवाज बंद खिडक्यांतूनही आत येतो. संगणकाने त्याला खोलीत दुसरी व्यक्ती बोलत असल्याचे समजून दोनदा इशारा दिला आणि तिसऱ्यांदा पेपर बंद केला. सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे काय, हे दूरच्या शहरातील मदत केंद्रावरील मुलीला फोनवर समजावताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. पुढच्या सत्रात वेगळे शुल्क भरून तो पेपर पुन्हा दिला. म्हणून विद्यापीठाला जरूर विचारा की परीक्षा घरून आहे की केंद्रावर, वीज किंवा इंटरनेट गेल्यास पुन्हा संधी कशी मिळते, आणि हे नियम लेखी कुठे आहेत. घरात लहान मूल असताना तीन तास पूर्ण शांतता मिळेल का, याचाही विचार करा. माझे मत विचाराल तर आपल्यासारख्या गृहिणी-नोकरदार विद्यार्थिनीला केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा अधिक सुखाची जाईल.

मनुष्यबळ विभाग, पुणे (मूळ बार्शी)

आमच्या कंपनीत पदवी पडताळणी करताना आम्ही पद्धत कोणती होती यापेक्षा विद्यापीठ त्या सत्रात मान्यताप्राप्त होते का, हे पाहतो. आपल्या मालकांनी व्यवस्थापकपदाची गोष्ट काढली आहे, तर ‘एम.कॉम. चालेल का’ हे त्यांना थेट विचारून घ्यावे. लेखा विभागासाठी ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

मान्यता दरवर्षी पाहावी, हे प्राध्यापक सरांनी लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मानसशास्त्रात ऑनलाइन एम.ए. करायचे होते आणि तिने चौकशीत वर्ष घालवले. आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले. तिच्याकडे आदल्या वर्षीचे माहितीपत्रक होते आणि त्यात तो अभ्यासक्रम ठळक अक्षरांत छापलेला होता. वाणिज्याला तशी अडचण नाही, पण माहितीपत्रकावरची तारीख पाहण्याची सवय असू द्यावी. अभ्यास मराठीतून हवा असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चौकशी करा.

लेखापाल, अक्कलकोट रोड

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ई-ज्ञानकोशावरील एक प्रकरण वाचले. इंग्रजी जड जाईल अशी भीती होती, परंतु विषय रोजच्या कामातला असल्याने दीड तासात सोळा पाने झाली आणि टिपणेही काढली. मालकांनाही विचारले, त्यांना पदवीच्या नावाशी देणेघेणे नाही, जीएसटी आणि लेखापरीक्षण स्वतंत्रपणे सांभाळता आले पाहिजे, इतकेच त्यांनी सांगितले. तेव्हा एम.कॉम.च करायचे ठरवले आहे आणि समुपदेशकांना तसे कळवले आहे.

आता एक अडचण आहे. प्रवेशासाठी डीईबी आयडी (आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) काढायला गेले, तर त्याआधी शैक्षणिक क्रेडिट बँकेचा (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या सोयीचा) क्रमांक लागतो आणि तो आधारवरून तयार होतो. माझ्या आधारवर लग्नानंतरचे नाव आहे, गुणपत्रिकांवर माहेरचे. शिवाय पदवी प्रमाणपत्रावर ‘सोलापूर विद्यापीठ’ असे जुने नाव आहे. यामुळे अर्ज अडेल का?

निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर

विद्यापीठाच्या नावाची काळजी करू नका. २०१९ मध्ये शासनानेच त्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामांतर केले, संस्था तीच आहे. अर्जातील विद्यापीठांच्या यादीत नवे नाव निवडावे.

आपल्या स्वतःच्या नावाचे मात्र आताच मार्गी लावा, कारण २०२४-२५ पासून डीईबी आयडीशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश होत नाही आणि जे नाव तिथे जाईल तेच पुढे चालत राहते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र महापालिकेकडून काढलेले नसेल तर आधी ते काढा आणि नावबदल राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. मग अर्ज भरण्यापूर्वीच या दोन्ही प्रती जोडून विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ई-मेल करा आणि पदवीवर कोणते नाव येईल, हे लेखी विचारा. नेट-सेटचा अर्ज भरताना आणि नंतर नेमणुकीच्या वेळी कागदपत्रांची छाननी करणारे कारकून पहिल्यांदा नावच ताडून पाहतात. राजपत्राची प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा.