हॉबसाठी ओट्याखाली ६ अँपिअरचा पॉइंट पुरेल की १६चा लागेल?

ओटा_नवा:
पुण्यात जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये किचनचं काम चालू आहे. ग्रॅनाइट अजून बसलेला नाही, म्हणजे भिंत फोडायची तर आत्ताच. घ्यायचं ठरलंय ते असं: पाइप गॅसवर चालणारा ४ बर्नरचा बिल्ट-इन हॉब (ओट्यात बसणारी शेगडी, ऑटो इग्निशन), वर चिमणी आणि हॉबच्या बरोबर खाली इलेक्ट्रिक ओव्हन. दुकानदार म्हणतो, गॅसला लाइट कशाला, सेलवर चालतो. वायरमन म्हणतो, हॉब आणि ओव्हन मिळून १६चा एकच पॉइंट काढतो, ४ स्क्वेअर मिमीची वायर टाकतो, मग चिंता नाही. सुताराला सॉकेट ओव्हनच्या मागे हवंय, म्हणजे दिसणार नाही. हॉबला खरंच वीज लागते किती? सॉकेट कुठे घ्यायचं? आणि लाइट गेली तर गॅस पेटणार की नाही?

तारजोडणी:
आधी हॉबच्या खालच्या बाजूची रेटिंग प्लेट वाचा. तिथे १.५ व्होल्ट लिहिलं असेल तर दुकानदार बरोबर आहे: सेल घालायचा आणि विसरायचं. २२०-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पॉइंट लागेल, पण तो फक्त ठिणगीसाठी. भार काही वॉटचा, फोनच्या चार्जरइतकाच. ६ अँपिअरचं सॉकेट, १.५ स्क्वेअरची तांब्याची वायर, बस्स. चिमणीलाही ६चाच पॉइंट. साधारण मोटार १५० ते २५० वॉटची असते. ऑटो-क्लीनचा हीटर असेल तर तेवढा भार प्लेटवर बघून धरा.

ओव्हनची गोष्ट वेगळी. ३००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो, आणि तोही तासभर सलग. त्याला डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) थेट स्वतंत्र लाइन: फेज, न्यूट्रल ४ स्क्वेअर, सोबत अर्थ, १६चं सॉकेट, १६चा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). वायर जाड टाकली म्हणून एमसीबी २० किंवा २५चा लावू देऊ नका. वायरला काही होणार नाही, पण सॉकेट १६चं आहे, आधी तेच वितळेल. या लाइनवर मिक्सर, फ्रिज, आरओ काहीही नको.

दोन्ही एका पॉइंटवर घ्यायला माझा ठाम विरोध आहे. एका सॉकेटमध्ये दोन प्लग बसत नाहीत म्हणून कोणीतरी मल्टिप्लग लावतं, आणि १३ अँपिअर त्या पातळ पत्तीतून जायला लागले की ती काळी पडते. शिवाय ओव्हन ट्रिप झाला की हॉबची ठिणगीही बंद.

सॉकेट ओव्हनच्या मागे नकोच, तिथे गरम हवा कोंडते. शेजारच्या कपाटात घ्या. त्याचा स्विच मात्र वर, ओट्याच्या टाइलवर, बर्नरपासून बाजूला, हात भांड्यावरून न नेता पोचेल असा. चिमणीचं सॉकेट चिमणीच्या बाजूला उंचावर. हॉबपासून चिमणीचं अंतर कंपनी साधारण ६५ ते ७५ सेंमी सांगते, तेव्हा आधी ते नक्की करा, मग खाच पाडा. गॅसचा पाइप आणि वायरिंगचा पाइप एकाच खाचेत घालू नका.

आणखी एक. आज ओव्हन वाढतोय, तर वीजबिलावरचा मंजूर भार बघा. गीझर, एसी, ओव्हन एकत्र चालले तर तो पुरणार आहे का, याची बेरीज करून ठेवा.

निळी_ज्योत:
हॉबच्या आतलं थोडं सांगतो, म्हणजे स्विच वर का हवा ते कळेल.

नॉब दाबला की त्याच्या दांड्यावरचा छोटा स्विच जुळतो आणि खालचा इग्निशन ट्रान्सफॉर्मर चालू होतो. तो एकच असतो, चारही बर्नरला वायरी तिथूनच जातात. म्हणून एक नॉब दाबला तरी चारही ठिकाणी टिकटिक होते. तो बिघाड नाही. ठिणगी इलेक्ट्रोडच्या टोकावरून बर्नरच्या कडेवर उडते. मधली फट ३ ते ५ मिमी हवी. उतू गेलेलं दूध तिथे करपून बसलं की ठिणगी भलतीकडे उडते. एकाच बर्नरला ठिणगी नसेल तर बहुधा त्या इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा गेलेला असतो किंवा खालची वायर निसटलेली असते.

ओटा धुताना नॉबखाली पाणी गेलं की तो स्विच ओला होऊन जुळलेलाच राहतो, आणि कोणी हात न लावता टिकटिक सुरूच. अशा वेळी स्विच बंद करायचा, नॉब ओढून काढायचे, पुसायचे आणि एक रात्र सुकू द्यायचं. सॉकेट ओव्हनच्या मागे आणि स्विचही तिथेच असेल तर यासाठी ४० किलोचा ओव्हन बाहेर ओढावा लागेल.

लाइट गेली तर हॉब चालतो. काडीने किंवा लायटरने पेटवा. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा एफएफडी असेल तर त्याला बाहेरची वीज लागत नाही. ज्योतीतल्या थर्मोकपलमध्ये तापल्यावर काही मिलिव्होल्ट तयार होतात आणि त्यावरच झडप धरून राहते. म्हणून पेटवल्यावर नॉब ५ ते १० सेकंद दाबून धरायचा. लोक लगेच सोडतात, बर्नर विझतो आणि सर्व्हिसला फोन जातो.

हॉबखाली ओव्हन बसवण्यापूर्वी दोन्ही पुस्तकं वाचा. बहुतेक कंपन्या खाली थंड हवेचा पंखा असलेलाच ओव्हन चालेल असं म्हणतात, आणि मधल्या जागेचं मापही देतात. हॉबची वायर बर्नरच्या बुडाला टेकू देऊ नका, क्लिपने बाजूला बांधा. आणि पाइप गॅस असेल तर जेट त्याच गॅसचे आहेत ना, ते बिल करण्यापूर्वी विचारा. सिलिंडरच्या जेटची भोकं बारीक असतात, पाइप गॅसवर ज्योत मिणमिणती येते.

ओटा_नवा:
दोघांचे आभार. हॉब २३० व्होल्टचाच आहे. दोन शंका आल्या. त्याच्या प्लगला दोन जाड गोल पिना आहेत, तिसरी पिनच नाही. आणि आजच्या सॉकेटवर वायरमनने मीटर लावला: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ १०५. तो म्हणाला, जुन्या बिल्डिंगा अशाच असतात, गॅसच्या पाइपला हिरवी वायर बांधून देतो.

तारजोडणी:
बांधू देऊ नका. हात जोडून सांगतो.

आकड्यांचा अर्थ असा: अर्थ चांगलं असेल तर फेज-अर्थही २३०च्या आसपास येतं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. निम्मे-निम्मे आकडे म्हणजे अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा कुठेच जोडलेली नाही, ती नुसती लोंबकळते आहे.

आता गॅसच्या पाइपला अर्थ बांधलं आणि उद्या ओव्हनचं एलिमेंट बॉडीला लागलं, तर प्रवाह पाइपातून जाणार. हॉबच्या मागे स्टीलची नागमोडी होज असेल तर तिची पन्हळी भिंत पातळ असते. तिच्यातून किंवा तिच्या नटाशी ठिणगी पडली तर भोक पडू शकतं, आणि आत गॅस आहे. शिवाय वरच्या मजल्यावर पाइपला हात लावणाऱ्यालाही झटका बसेल. नळाच्या पाइपालाही तेच लागू. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून टाकणं तर त्याहून वाईट: न्यूट्रल सुटला की हॉबची सगळी बॉडी फेजवर.

योग्य काम म्हणजे मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपासून तुमच्या डीबीपर्यंत नवीन हिरवी वायर ओढणं. ती पट्टीच कोरडी असेल तर सोसायटीने अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करायला हवा. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) घाला आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. पण तो बटणावर पडतो म्हणजे अर्थ ठीक आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आतच गळती तयार करतं, अर्थची परीक्षा त्यात होत नाही.

प्लग युरोपी आहे. त्याचा अर्थ बाजूच्या धातूच्या पट्ट्यांवर असतो. आपल्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत तो कसाबसा घुसतो, हॉब पेटतोही, पण अर्थ कुठेच टेकत नाही. हमी जाणार नाही ना ते विचारून तो कापा आणि आयएसआय मार्कचा ६चा तीन पिनी टॉप लावा. तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. हे वायरमनला मुद्दाम सांगा, कारण आपल्याकडे थ्री फेजमध्ये निळी वायर फेजची असते आणि हात सवयीने तिकडे जातो. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

गच्चीवरून:
मध्येच विचारतो. आमच्याकडे नाशिकला पाइप गॅस नाही. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात आहे. सॉकेट त्याच कपाटात घेतलं तर चालेल?

निळी_ज्योत:
नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की कपाटाच्या तळाशी साचतो, आणि प्लग काढता-घालताना होणारी बारीक ठिणगीही त्याला पुरते. सॉकेट, स्विच, आरओचा पंप, काहीही त्या कपाटात नको. मधल्या फळीत वायरीसाठी भोक पाडलं असेल तर तेही बुजवा. दाराला तळाशी जाळी ठेवा, म्हणजे गॅस कोंडणार नाही. पाइप गॅस हलका असतो, तो वर जातो, म्हणून तिथे खिडकी किंवा वरची झडप उघडी लागते.

वास आला तर गॅस कोणताही असो, किचनमधला एकही स्विच चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर किंवा कॉक बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथून बंद. एलपीजीसाठी १९०६ हा नंबर आहे, पण तो बाहेर येऊन लावा.