'अलंकार' लिहू की 'हरकत'?

वेणूनाद: पियानो क्लासच्या स्मरणिकेसाठी फ्राँस्वा कूपरँ या संगीतकारावरचा लेख मराठीत करतेय. (पॅरिस, १६६८-१७३३. सतराव्या वर्षी सेंट जर्व्हे चर्चमध्ये ऑर्गनवादक, पुढे राजदरबारी.) '१७१३च्या हार्पसिकॉर्डच्या पुस्तकात त्याने अलंकारांचा तक्ता दिला' असं लिहिलं. (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य; अलंकार म्हणजे सूर नटवायच्या खुणा.) मुद्रितं तपासणाऱ्या गाणाऱ्या काकूंनी फुली मारली: 'अलंकार म्हणजे सारेग, रेगम. त्याचा तक्ता कशाला?'

पेटीवाला: काकू बरोबर. हरकत लिहा, गाताना घेतात ती छोटी नटवी जागा.

आडवाटेने: हरकतीला माझी हरकत आहे. ती गाणाऱ्याची मर्जी. कूपरँला तीच तर नको होती! १७२२च्या तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कुरकुरलाय, एवढ्या निगुतीने खुणा केल्या तरी लोक त्या पाळत नाहीत म्हणून.

पेटीवाला: मग खटका, सुराला दिलेला झटका. तक्त्यातला 'पँसे' बघा: 'सा' वाजवायचा, खालच्या 'नी'ला झटकन शिवून परत 'सा'.

वेणूनाद: पँसे म्हणजे चिमटा काढलेला. तसंच ठेवू?

जुनीपोथी: चिमटा स्वयंपाकघरात राहू दे. अलंकार सोडू नका. नाट्यशास्त्रात म्हटलंय, अलंकाराविना गीती म्हणजे चंद्राविना रात्र, पाण्याविना नदी. पलट्यांना, त्या सारेग-रेगमला, कोणी चंद्र म्हणेल?

पेटीवाला: भरतमुनी आमच्या क्लासला येत नाहीत. तिथे अलंकार म्हणजे पलटेच.

आडवाटेने: हार्पसिकॉर्डमध्ये पिसाची काडी तार छेडते. सूर लगेच विरतो, बोट जोरात दाबलं तरी मोठा होत नाही. म्हणून ही कलाकुसर. नुसता दागिना नव्हे.

वेणूनाद: थांबा, मग हार्पसिकॉर्ड 'वाजवतात' की 'छेडतात'? मी सगळीकडे वाजवतात लिहिलंय.

जुनीपोथी: सतार छेडतात, पेटी वाजवतात. इथे बोट पट्टीवर, तारेला कुठे लागतं?

पेटीवाला: आमचे आजोबा 'पेटी बडवतो' म्हणायचे. माझ्याबाबतीत तर नक्कीच.

आडवाटेने: आणि मुरकी, तीही गाण्यातली तसलीच छोटी जागा, मुरकण्यावरूनच आली, मी पैज लावतो.

जुनीपोथी: पुरावा?

आडवाटेने: आमच्या मावशीला गाताना बघा.

वेणूनाद: अहो, उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय! तूर्त 'अलंकार (पलटे नव्हेत)' लिहिलंय. काकूंनी आता कंसावर फुली मारलीय.

पेटीवाला: हरकत नाही.