कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) प्रत्येक स्ट्रक्टला (एकत्र बांधलेल्या डेटाच्या साच्याला) पॅक्ड, म्हणजे 'मधे मोकळे बाइट सोडू नको' ही कंपायलरला सूचना, लावावं. कुणाची हरकत?

बूटलोडर_बंडू
क्रॉस कंपायलर (एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा) वापरून स्वतःचं छोटं कर्नल बांधतोय, ३२ बिटच्या इंटेलसाठी. जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांचा तक्ता) कुठे आहे ते प्रोसेसरला सांगणारा स्ट्रक्ट लिहिला: आधी १६ बिटची लिमिट (तक्ता केवढा), मग ३२ बिटचा बेस (त्याचा पत्ता). हिशोबाने ६ बाइट. बेस ४च्या पटीत यावा म्हणून कंपायलरने मधे २ बाइट पॅडिंग (मोकळी जागा) कोंबलं, झाले ८. प्रोसेसर ६च वाचतो, म्हणजे बेसच्या जागी अर्धा कचरा, अर्धा बेस. सेगमेंट रजिस्टरं भरायला गेलं की मशीन रीस्टार्ट. दोन रात्री गेल्या. पॅक्ड लावलं आणि मिनिटात चाललं. तेव्हापासून सगळीकडे पॅक्ड. वर रॅमही वाचते.

तांब्याची_तार
माझी हरकत. घरात एकाला ताप आला म्हणून तुम्ही सगळ्यांना इंजेक्शन देताय! जीडीटीला पॅक्ड हवंच, तो साचा इंटेलचा आहे. पण हार्डवेअर रजिस्टरांच्या स्ट्रक्टला लावून बघा. पॅक्ड म्हटलं की कंपायलर धरून चालतो की पत्ता कसाही, विषमही असेल. कॉर्टेक्स-एम० या छोट्या आर्म प्रोसेसरसारख्या लक्ष्यावर विषम पत्त्यावरून ३२ बिट उचलता येत नाहीत, म्हणून एका वाचनाची चार बाइट-वाचनं होतात. व्होलाटाइल ('प्रत्येक वाचन खरोखर कर' ही सूचना) लिहिलं तरी. आता वाचताक्षणी फ्लॅग पुसणारं रजिस्टर असलं तर? पहिल्या बाइटलाच बाकीचे फ्लॅग गेले. मी हे भोगलंय, आठवडाभर बोर्डालाच शिव्या घालत होतो.

बूटलोडर_बंडू
मी इंटेलवर आहे हो. तिथे विषम पत्ता चालतो.

तांब्याची_तार
मग क्रॉस कंपायलरचा सराव कशाला? उद्या आर्मवर न्यायचा मोह होणारच.

ऑफसेट_आजी
दोघांचंही अर्धंच पटतंय. फॅट फाइल सिस्टिमचा बूट सेक्टर, म्हणजे तिचा पहिला सेक्टर, घ्या. सुरुवातीला ३ बाइटची उडी, मग ८ बाइटचं नाव, आणि 'सेक्टरमध्ये किती बाइट' हा १६ बिटचा आकडा थेट ११व्या बाइटवर. साधा स्ट्रक्ट त्याला १२वर ढकलतो. तिथे पॅक्ड लावा, नाहीतर एकेक बाइट उचलून शिफ्टने जोडा. मी दुसरं करते.

पण ज्याचा साचा आपण ठरवतो तिथे पॅडिंग हाताने लिहावं. ३२ बिटचा आकडा आणि मागे ६४ बिटचा, एवढाच स्ट्रक्ट लिनक्ससाठी ३२ बिटच्या इंटेलवर १२ बाइट होतो, ६४ बिटच्या इंटेलवर आणि आजच्या आर्मवर १६. जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या कर्नलवर चालावेत म्हणून लिनक्सला अशा ठिकाणी वेगळा कोड सांभाळावा लागतो. मधे ४ बाइट 'राखीव' लिहून ते शून्य केले असते तर हा प्रश्नच आला नसता. शिवाय कंपायलरने गुपचूप घातलेल्या पॅडिंगमधून कर्नलच्या स्टॅकवरचा जुना डेटा यूजर प्रोग्रॅमकडे गळतो, तो वेगळाच. खाली स्टॅटिक असर्टने (कंपाइल होतानाच होणाऱ्या तपासणीने) साइज आणि ऑफसेट बांधून टाका. बिल्ड तुटू दे, मशीन नको.

बूटलोडर_बंडू
असर्ट घेतो. जीडीटी, आयडीटी (इंटरप्टचा तक्ता) आणि फॅटचं पॅक्ड मात्र राहणार, शिफ्टची कसरत मला जमणार नाही. प्रोसेस टेबलचा साचा माझाच, त्याचं काढतो.

तांब्याची_तार
आणि पॅक्ड स्ट्रक्टमधल्या मेंबरचा पॉइंटर काढून दुसऱ्या फंक्शनला देऊ नका. तिकडे पॅक्डची खबरच नसते. जीसीसी कंपायलरच्या ९व्या आवृत्तीपासून न मागताही त्याची वॉर्निंग येते.

बूटलोडर_बंडू
ती होय. फार यायच्या, म्हणून मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) बंद केल्यात.

ऑफसेट_आजी
आधी मेकफाइल टाका इथे.