इंजिन खोलावं की गाडी सोडावी? तुमचे अनुभव

चोक_ओढा
काल बाबांचं कपाट आवरताना त्यांची पेट्रोलची डायरी हाती लागली. १९९७ ते २०१९. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटी लाल पेनाने ॲव्हरेज. टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय बाबा पंपावरून हलायचे नाहीत, नाहीतर हिशेब लागत नाही म्हणे. मागचे लोक हॉर्न वाजवत बसायचे आणि आम्ही दोघी बहिणी मागच्या सीटवर वाकून लपायचो.

गाडी अजून आहे. पांढरी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. रविवारी एक चक्कर मारते. हल्ली उभ्या उभ्या थरथरते, दिवे घाटात दुसऱ्या गिअरलाही रडते आणि सकाळी सुरू केली की निळा धूर. मेकॅनिकने दोनदा रेस करून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, फुल इंजिन करावं लागंल, पार खोलून. पस्तीस धरून चाला." भंगारवाला बावीस द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो देऊन टाक. आई काहीच म्हणत नाही, फक्त आज सकाळी गाडीचं कव्हर धुऊन वाळत घातलंय.

कुणी केलंय का असल्या छोट्या गाडीचं इंजिन? पस्तावलात का?

तर्रीबाज
केलंय की. वडलांची पद्मिनी, १०८९ सीसी. उद्यमनगरात लेथवाल्याकडं ब्लॉक दिला. त्यानं माझं बोट धरून बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) वरच्या कडेला फिरवलं, नख अडकलं. म्हणाला, पिस्टनच्या रिंगा जिथवर जात्यात तिथवर घासलंय, वर कोरं राहिलंय, ही त्याची पायरी. मग बोअर मारून, म्हणजे भोक मोठं करून, ०.५० मिमीचे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंड, शेल, व्हॉल्व्ह सीट, सगळं आलं. अठरा हजार ठरलेलं, ४१ झालं. इंजिन खाली आलं की क्लच प्लेट दिसते, मग माउंटिंग दिसतं, मग मिस्त्री म्हणतो "आता उतरलंच हाय तर..." हे वाक्य ऐकलं की पाकीट घरी ठेवून जायचं.

पस्तावलो नाही. घरात मात्र आकडा अजून अठराच आहे.

निवांत_नाना
तर्रीबाज, वहिनी वाचतात का इथे? :)

तर्रीबाज
नाना गप बसा.

स्पार्कप्लग
चोक_ओढा ताई, थांबा. रेस करून ऐकून फुल इंजिन कुणी सांगत नाही. आधी कॉम्प्रेशन बघा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. तिन्ही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकडे लिहून घ्या. जो कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह (किंवा गॅस्केट). व्हॉल्व्हचं काम म्हणजे नुसतं हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायचं, खालच्या इंजिनला हात लावायचा नाही.

धूर फक्त सकाळी पहिल्या मिनिटाला येतो की ॲक्सिलरेटर दाबला की दर वेळी? पहिल्याच मिनिटाला असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, रबराच्या टोप्या असतात, स्वस्त मिळतात. आणि ऑइल किती खाते?

बाकी मुलं आलीत शाळेतून, नंतर लिहितो.

घाटमाथा
आमची गेली ती माझ्याच मूर्खपणाने. मे महिना, साताऱ्याला लग्न, खंबाटकी चढताना तापमानाचा काटा एचला टेकला. मागे सासूबाई, आहेराची भांडी. म्हटलं आलाच माथा, कुठे थांबता. हेड ॲल्युमिनियमचं, तापून वाकलं. घासून सपाट करून घेतलं, नवं गॅस्केट टाकलं, तरी दोन महिन्यांनी ऑइलचं झाकण उघडतो तर आत खालून कॉफीचा फेस. पाणी ऑइलमध्ये. तिथे मी हात टेकले आणि गाडी विकली. नेणाऱ्याने ढकलत नेली, मी गॅलरीत उभा राहिलो नाही.

पुरणपोळी_प्रेमी
खंबाटकी!! घाट उतरलं की सुरूरला उसाचा रस. वडील बॉनेट उघडून ठेवायचे, आम्ही रस प्यायचो आणि गाडी पाणी.

निवांत_नाना
नंतर तिकडून येताना बोगदा झाला, पण जाताना पुढेही बरीच वर्षं तोच घाट होता. रसात आलं असायचं का हो? मला लिंबूच आठवतंय.

पुरणपोळी_प्रेमी
दोन्ही.

कागदपत्रे
इंजिनवर खर्च करण्याआधी आरसी बघा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. १९९७ ची म्हणजे २०१२, १७, २२ झालं असेल, पुढचं २०२७. चारचाकीची फी २०२२ मध्ये ६०० ची ५००० झाली, आता वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा. आणि कुणी "कुर्ल्याहून तयार इंजिन आणून बसवतो, स्वस्तात" म्हणालं तर इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो हे लक्षात ठेवा. माझ्या भावाने चढवला नाही, पासिंगला उभं केलं तेव्हा फजिती.

हिरवी_मिरची
मला इंजिनातलं काही कळत नाही पण आईंनी कव्हर धुतलं हे वाचून पोटात कालवलं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती आली तेव्हा आमच्या चाळीतल्या काकांनी नंबर लावला होता, गाडी हातात पडेपर्यंत त्यांची मुलगी दहावीला पोचली.

चोक_ओढा
सगळ्यांना उत्तर देते, कुकर लावलाय तेवढ्यात.

स्पार्कप्लग, ऑइलचं बाबांच्या डायरीतच सापडलं. मागच्या पानांवर "ऑ. अर्धा लि." अशा नोंदी. २०१५ नंतर साधारण तीन हजार किलोमीटरला एकदा. धूर फक्त सकाळी.

शनिवारी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, गेज असलेलं. आकडे: १६०, ९५, १५५. मधल्या सिलिंडरमध्ये ऑइल सोडून परत मोजलं, ९५ चे ९८. म्हाताऱ्या मिस्त्रींनी प्लग नाकाशी धरून वास घेतला (का ते विचारायचं राहिलं), म्हणाले, "खालचं इंजिन खणखणीत आहे, उगाच खोलू नका. मधल्याचा व्हॉल्व्ह जळलाय." हेड उतरवणं, व्हॉल्व्ह, लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून घट्ट बसवणं), सील, गॅस्केट, आणि "आता उतरलंच आहे तर" टायमिंग बेल्ट. नऊ हजार.

हो म्हटलं.

तर्रीबाज
बघा, म्हटलं की नाही त्यानं!

स्पार्कप्लग
बेल्ट नवा टाकाच, तिथे तो बरोबर आहे. जुना व्हॉल्व्ह मागून घ्या, कडेला चावल्यासारखा दिसेल.

घाटमाथा
पहिल्या गॅरेजवाल्याला सांगणार का?

चोक_ओढा
नाही. गल्लीतच आहे, पंक्चर त्याच्याकडेच काढते.

नवऱ्याला अजून बोलले नाहीये. आईला सांगितलं तर म्हणाली, डायरीत लिहून ठेव, किलोमीटर विसरू नकोस.

निवांत_नाना
त्या मिस्त्रींचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. माझी पण सकाळी धूर सोडते. गाडी हो, गाडी.