दिल्ली दर्शन: मराठ्यांचा इतिहास सांगणारा गाइड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

जानेवारीच्या शेवटी आई-बाबांना घेऊन तीन दिवस दिल्लीला जातोय. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास मनसोक्त पाहायचाय. १७६० मध्ये पानिपतच्या वाटेवर सैन्याच्या खर्चासाठी भाऊसाहेबांनी तिथल्या छताची चांदी काढून नाणी पाडली, हे त्यांनी वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं, पण ते छत कधी पाहिलं नाही. १७३७ मध्ये बाजीराव जिथे लढले तो तालकटोऱ्याचा परिसरही त्यांना बघायचाय.

पाच वर्षांपूर्वी मी एका बसटूरने गेलो होतो. लाल किल्ल्याला जेमतेम चाळीस मिनिटं आणि शालींच्या दुकानात दीड तास! बाबांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाहीये.

त्यामुळे दिवसभरासाठी गाडी आणि पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला गाइड घ्यावा असं वाटतंय. कुणी घेतलाय का? साधारण किती पैसे घेतात? मराठी बोलणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर हिंदी चालेल. फक्त मराठ्यांचा काळ नीट माहीत असलेला हवा.

आईचे गुडघे दुखतात. लाल किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात व्हीलचेअर मिळते का? मकबऱ्याच्या चौथऱ्यावरच्या पायऱ्या तिला जमणार नाहीत, पण बाग तरी निवांत बघता यावी.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, म्हणून मंगळवारपासूनचा बेत आहे. धुक्यामुळे सकाळी किती वाजता निघावं, तेही सांगा.