सर्चलाइट लावला की होकायंत्र का सरकतं?

मालीमकर:
आमचा ट्रॉलर गोव्यात मालीम जेटीवर असतो. जीपीएस आहे, तरी बाबांचा भरवसा कंपासवरच. रात्री शापोऱ्याच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला जाताना सर्चलाइट लावला की कंपासचं उत्तर टोक पूर्वेकडे सरकतं. बंद केला की जागेवर येतं. पश्चिमेला खोल समुद्रात जाताना मात्र काहीच होत नाही. बॅटरी 24 व्होल्ट, दिवा 240 वॅटचा. प्लसची वायर कंपासच्या खालून, वीतभर अंतरावरून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे जाते. मायनसची केबिनच्या दुसऱ्या अंगाने परत येते. बाबा म्हणतात, कंपास बदलूया. बदलावा का?

वायरमन_बेती:
वायर लोखंडी पाइपात घाला, काम झालं.

फोंड्याची बाई:
पाइप नको! लोखंड स्वतःच कंपासला ओढतं, एका दोषाचे दोन होतील. आणि कंपासही बदलू नका, तो एकदम ठणठणीत आहे.

वायरीतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं तयार होतात. 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने हेच पाहिलं: तारेतून प्रवाह सोडला आणि शेजारची चुंबकसुई हलली. वायरीवरचं प्लास्टिक प्रवाह अडवतं, चुंबकत्व नाही.

आता तुमचा हिशोब करू. 240 वॅट, 24 व्होल्ट, म्हणजे 10 अँपिअर. 20 सेंटिमीटरवर त्याचं क्षेत्र 10 मायक्रोटेस्ला. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र सुमारे 40. बोटीचं तोंड उत्तरेला असताना ही दोन क्षेत्रं काटकोनात येतात, त्यामुळे कंपास साधारण 14 अंश सरकतो. रात्रीच्या वेळी, खडकांजवळ, हे थोडं नाही हो!

बोट पश्चिमेला वळली की वायरीचं क्षेत्र पृथ्वीच्याच दिशेत येतं, म्हणून कंपास हलत नाही. तुमच्या निरीक्षणातली हीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. ती सांगितली नसती तर मी आधी सैल जोडणी शोधायला लावली असती. दक्षिणेला येताना तो पश्चिमेकडे सरकायला हवा. सरकतो का?

उपाय: मायनसची वायर प्लसच्या शेजारी आणा आणि दोन्ही एकमेकींना पीळ घालून न्या. प्रवाह सारखे, दिशा उलट. क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडतात. जोडी कंपासपासून हातभर लांब नेता आली तर उत्तमच.

वायरमन_बेती:
बाई, मग इन्व्हर्टरवरच्या पंख्याने कंपास का नाही हलत? त्याचीही वायर जवळूनच जाते.

फोंड्याची बाई:
तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह. सेकंदाला 50 आवर्तनं. कंपासची तबकडी एका बाजूला वळायच्या आत प्रवाह उलटतो. शिवाय त्या केबलमध्ये दोन्ही तारा शेजारी-शेजारीच असतात.

मालीमकर:
होय बाई, शापोऱ्याहून परत येताना पश्चिमेकडेच सरकतो! बाबांना वाटायचं, भरतीमुळे होतं. 1 जूनला मासेमारी बंदी लागली की मायनसची वायर काढून प्लसबरोबर पिळून घेतो. तोपर्यंत दिशा बघायची असेल तेव्हा सर्चलाइट बंद.

फोंड्याची बाई:
बरोबर. काम झाल्यावर जेटीवर बांधलेल्या बोटीतच दिवा लावून-बंद करून बघा, पण नाळ उत्तरेला किंवा दक्षिणेला असतानाच. आणि कंपासजवळ स्पीकर असेल तर तोही हलवा, त्यात कायमचा चुंबक असतो.